फ्रीजच्या दारावरचे सुभेदार

आमच्या फ्रीजच्या दारावर आठवा कागद कधी टिकला नाही. सात म्हणजे सात. आठवा लावायचा असेल तर आधीच्या सातांतला एक उतरवायचा, आणि कुठला उतरवायचा ते सुभेदारांसमोर उभं राहून पटवून द्यायचं. सकाळी दुधाचं पातेलं घेऊन ते फ्रीजपाशी जात, तेव्हा दार उघडण्याआधी कागद मोजत. मोजून झाले की मगच दूध आत जाई.

सुभेदार म्हणजे माझे सासरे. आष्ट्यात त्यांना नावानं हाक मारणारी चार-दोन माणसं असतील; बाकी सगळ्या गावाला ते सुभेदार. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्या. मामांनी तीस वर्षं फौजेत काढली. तिथून सुटल्यावर बारा वर्षं ते सांगलीत एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे राहिले. साठीला तीही नोकरी संपली आणि ते कायमचे घरी आले, तेव्हा राखायला उरलं होतं ते फक्त फ्रीजचं दार. असं मी म्हणायची, अर्थात त्यांच्या माघारी. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा आता उघड लिहायला हरकत नाही.

दार भरलं होतं हे मला कबूल केलं पाहिजे, आणि भरलं होतं ते माझ्यामुळं. माझं माहेर साताऱ्याचं. तिथं फ्रीजवर जागा नसली की नवा कागद जुन्या कागदावर लावायची पद्धत होती, आणि तीच सवय घेऊन मी आष्ट्याला आले. मी शाळेत शिक्षिका, नवरा फौजेत, म्हणजे कायम लांब. घरातलं सगळं लक्षात ठेवायचं काम माझ्याकडं आणि माझं लक्षात ठेवायचं काम त्या दाराकडं. लाइटबिल, गॅसवाल्याचा नंबर, मुलीच्या लसीचं कार्ड, शाळेच्या सुट्ट्यांची यादी, कारखान्यातली उसाची नोंद, पेपरातून कापलेल्या पाककृती, दातांच्या डॉक्टरनं दिलेली तारीख; आणि हे सगळं धरून ठेवायला आंबा, केळं, द्राक्षाचा घड असली प्लॅस्टिकची चुंबकं. दार जरा जोरात लावलं की दोन-चार कागद खाली पडायचे. आत्या ते उचलून पुन्हा लावायच्या, बहुधा उलटे.

बँकेची नोकरी सुटली त्याच्या पुढच्या रविवारी मामांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फ्रीजसमोर खुर्ची मांडली. "सूनबाई, ये हिकडं. इन्स्पेक्शन हाय." मला वाटलं, चेष्टा करताहेत. मामा चेष्टा करत नाहीत हे मला तेव्हा अजून कळायचं होतं. त्यांनी एकेक कागद उतरवला, चष्म्याखालून पाहिला आणि प्रत्येकाबद्दल दोनच प्रश्न विचारले. "ह्येचा मालक कोण? मुदत कवापत्तोर?" मालक नसलेला कागद बाद. मुदत संपलेला बाद. मालक आहे पण मुदत सांगता येत नाही, तोही बाद. एकूण त्रेचाळीस कागद निघाले. दातांच्या डॉक्टरची तारीख तीन वर्षांपूर्वीची होती, आणि मधल्या काळात आत्यांचा तो दात आपोआप पडूनही गेला होता.

पाककृतींपाशी मी थोडी अडून बसले. त्यांनी एक कात्रण वर धरलं. "ही करून बगितलीस?"

"नाही अजून."

"किती दिस झालं लावून?"

"झाली असतील दोन वर्षं."

"मंग तुला करायचीच न्हाई. बाद. आन ही?"

"ही करते की मी नेहमी."

"मंग पाठ झालीया. कागद कशाला?"

केली तरी बाद, नाही केली तरी बाद.  सातच का, दहा का नाहीत, ते मी विचारलं. मामा म्हणाले, "फौजेतल्या ट्रंकंच्या झाकनाला आतनं सात कागद मावत्यात. तीस वर्सं माजं त्यावर भागलं. तुमचं काय एवढं मोठं चाललंय?" संध्याकाळपर्यंत दार मोकळं झालं. आत्यांनी त्यावरून ओलं फडकं फिरवलं आणि म्हणाल्या, "आवं, ह्यो तांबडा हाय की!"

उतरवलेला कागद मामा लगेच फेकत नसत. त्यासाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्याला ते क्वार्टर गार्ड म्हणत. पलटणीत गुन्हा केलेल्या जवानाला कोंडतात ती जागा. कागद आठ दिवस तिथं राहायचा. तेवढ्यात कुणी सोडवायला आलं तर ठीक, नाहीतर नवव्या दिवशी बंबात. आमच्याकडं अंघोळीचं पाणी अजून बंबावर तापतं, त्यामुळं त्यांची मोठी सोय झाली. जपून ठेवायचे कागद मात्र त्यांनी फायलींत घातले होते. पुढं मुलीच्या शाळाप्रवेशाला लसीचं कार्ड हवं होतं तेव्हा त्यांनी ते अर्ध्या मिनिटात काढून दिलं, आणि वर "असतं तितं ऱ्हाऊ दिलं तर सापडतंय" असंही ऐकवलं. मी कार्ड घेतलं आणि निघाले.

एकच कागद कायमचा होता. शेतीपंपाच्या विजेचं वेळापत्रक: कुठल्या आठवड्यात दिवसा येणार, कुठल्या आठवड्यात रात्री. बाकी सहा जागांसाठी घरात जी ओढाताण चालायची तिच्यापुढं ग्रामपंचायतीची निवडणूक बरी. आत्यांना हरिपाठाचा कागद हवा असायचा, मला परीक्षांचं वेळापत्रक. एका रविवारी मी आत्यांना फितवून दोन कागद एकावर एक लावले, म्हणजे मोजताना एक धरला जाईल. मामांनी दुसऱ्या दिवशी दूध आत ठेवण्याआधी ते काढले आणि दोन्ही कागद क्वार्टर गार्डात टाकले. शिक्षा दोघांना, म्हणून मला आणि आत्यांना त्या दिवशी चहासुद्धा त्यांनी एकाच कपात अर्धा अर्धा दिला. विनोद करण्याची त्यांची पद्धत ही अशी होती.

एकदा मात्र मला त्यांचा मनापासून राग आला. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिनं आजोबांचं चित्र काढलं: मोठ्या मिशा, हातात बंदूक आणि मागं लाल फ्रीज. मामांनी ते आठ दिवसांची मुदत देऊन स्वतः लावलं, त्यासाठी पाहुण्यांच्या गाडीचं वेळापत्रक उतरवलं. आठव्या दिवशी नियमाप्रमाणे चित्र खाली. मुलगी रडली. मी म्हटलं, "मामा, एवढं एक राहू दिलं असतं तर काय झालं असतं?" ते म्हणाले, "एक ऱ्हायलं की धा ऱ्हात्यात." मग मुलीला जवळ घेऊन तिला दुसरा कोरा कागद दिला. ती पाचच मिनिटांत रडायची थांबली आणि चित्र काढायला बसली. माझा राग जायला त्याहून जास्त दिवस लागले.

मामांचं सगळ्यात मोठं युद्ध होतं ते लग्नपत्रिकांशी. आमच्या भागात लग्नसराईत एका घरात पन्नास-साठ पत्रिका सहज येतात. पत्रिका म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. आपले नम्र, निमंत्रक, व्यवस्थापक, प्रेषक. सगळ्या भावकीची नावं, हुद्द्यांसकट, आणि खाली चिल्ल्यापिल्ल्यांचं 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं'. यात एखाद्याचं नाव राहिलं तर तो माणूस मांडवात येत नाही आणि पुढची दहा वर्षं ती गोष्ट विसरत नाही. मामा म्हणत, "निस्ती नावांची जत्रा. तारीख हुडकायला दुर्बीण लागती." म्हणून पत्रिका आली की ते आत्यांच्या शिवणाची कात्री घेऊन बसत. आधी वरचा गणपती कापून बाजूला काढत, कारण देवाला बंबात घालता येत नाही. असे गणपती एका पिशवीत साठत आणि वर्षातून एकदा मामा ते कृष्णेत सोडून येत. मग आतल्या पानाचा, मागची बाजू कोरी असलेला चार बोटं रुंद तुकडा कापायचा आणि त्या कोऱ्या बाजूवर लिहायचं: तारीख, गाव, कार्यालय, मुहूर्त, ड्यूटी. बाकीची पत्रिका बंबात. ज्याची पत्रिका त्याच्याच कागदाची चिठ्ठी, हा त्यांचा नियम होता. दारावर जागा नसेल तर चिठ्ठी फायलीत पाळीची वाट बघे.

ड्यूटी म्हणजे कुणी जायचं ते. एका तिथीला तीन-तीन लग्नं असत, त्यामुळं माणसं वाटून द्यावी लागत. एकदा आत्यांची ड्यूटी तासगावला लागली. कार्यालयाच्या त्या आवारात दोन हॉल होते आणि दोन्हीकडं लग्न. चिठ्ठीवर नवरा-नवरीची नावं नव्हती. मामांच्या हिशेबी ती पसाऱ्यात जमा होती. आत्या ज्या हॉलमध्ये बेदाण्याचा वाडगा दिसला त्या हॉलमध्ये गेल्या, अक्षता टाकल्या, नवरीच्या आईला हळदी-कुंकू लावलं, जेवल्या आणि एसटीनं परत आल्या. ज्यांच्याकडं जायचं होतं त्यांचा संध्याकाळी फोन आला, की तुमच्याकडचं कुणीच कसं आलं नाही? आत्या शांतपणे म्हणाल्या, "जेवान चांगलं हुतं." मामा म्हणाले, "तासगाव म्हनलं, तासगावला गेली. ड्यूटी झाली." चिठ्ठीत फरक मात्र त्यांनी केला नाही.

या सगळ्या गर्दीत एका घरातून मात्र आमच्याकडं कधी पत्रिका येत नसे. ते घर बापूंचं, म्हणजे मामांच्या सख्ख्या थोरल्या भावाचं. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. दोघे वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. रस्त्यात बापू दिसले की मी बाजूला व्हायची, तेही मान खाली घालून पुढं जायचे. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

कारण मला आत्यांकडून कळलं. मामांच्या पेन्शनला दोन महिने उरले असताना त्यांची आई वारली. मामा तेव्हा पार वर, सरहद्दीवर होते. निरोप मिळताच निघाले, पण वाटेत बर्फानं रस्ता बंद. इकडं चैत्रातलं ऊन. गावानं एक दिवस वाट पाहिली, एक रात्र पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी लोक म्हणाले, आता थांबता येत नाही, आणि बापूंनी अग्नी दिला. मामा पोचले तिसऱ्या दिवशी सकाळी, खांद्यावर ट्रंक घेऊन. दारातच त्यांनी विचारलं, "माज्यासाटी एक दिस थांबला असतास तर काय बिगाडलं असतं?" दोन रात्री न झोपलेले बापू म्हणाले, "तुजी वाट बगत मढं ठिवू व्हय रं?" त्यानंतर दोघांत बोलणं नाही. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच ते मिटत नव्हतं.

आणि दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडाला, बापूंकडून पत्रिका आली. त्यांच्या नातीचं लग्न होतं. गल्लीत सगळ्यांना पत्रिका वाटत निघालेला एक माणूस आमच्या दारातही एक देऊन गेला. पाकिटावर लिहिलं होतं: सुभेदार, सहपरिवार. मामा ती हातात घेऊन बराच वेळ ओसरीवर बसले. आमच्याकडं भावाला अशी वाटपातली पत्रिका देत नाहीत. घरातली माणसं स्वतः येतात, कुंकू लावतात, अक्षता ठेवतात, तोंडानं आवतण देतात. मामांनी वीस वर्षं कशाची वाट पाहिली होती ते मला त्या दिवशी त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं.

"पावण्यागत धाडलीया," ते म्हणाले. "मंग पावण्यागतच जायाचं."

आत्या म्हणाल्या, "आवं, वाचू तर द्या, काय लिवलंय ते."

"तारीख हाय, टायम हाय. दुसरं काय वाचायचं असतंय?"

आणि त्यांनी कात्री मागितली. गणपती बाजूला गेला, चिठ्ठी झाली, उरलेली पत्रिका त्या दिवशी क्वार्टर गार्डातसुद्धा गेली नाही. थेट बंबात गेली. चिठ्ठीवर तारखेखाली लिहिलं होतं: आष्टा, रस्त्याकडंचं कार्यालय, १२.३५, सूनबाई. त्याच तिथीला औंधला त्यांच्या पलटणीतल्या एका मित्राच्या मुलाचं लग्न होतं. दुसरी चिठ्ठी झाली: औंध, सुभेदार. दोन गल्ल्यांवरचं लग्न माझ्याकडं आणि दोन गाड्या बदलून जायचं ते स्वतःकडं. 

पुढचे चार आठवडे गावातली माणसं मामांना अडवून बोलत होती. त्यांचे एक शाळेपासूनचे सोबती तर दारात येऊनच म्हणाले, "सुभेदार, मिटलं म्हनायचं. लय ब्येस झालं गड्या." मामा म्हणाले, "एका पत्रिकेनं काय मिटतंय?" ते गृहस्थ जरा चमकले, पण गेले. आम्हाला वाटलं, पत्रिका आली याबद्दलच लोक बोलताहेत.

लग्नाच्या दिवशी मामा पहाटेच्या एसटीनं गेले. मी बाराच्या सुमाराला कार्यालयात पोचले. दारात बापू उभे होते, पंच्याहत्तरीचे, हातात काठी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं.

"सूनबाई, सुभेदार कुटं हाय?"

"ते औंधला गेलेत. तिथं लग्न आहे."

"औंधला? आज?" त्यांना ते नीट कळेचना. "आगं, नाव छापलंय की त्येचं. निमंत्रकात. माज्या बी वर घातलंय."

 मी म्हटलं, "बापू, मामा पत्रिकेतली नावं वाचत नाहीत. तारीख लिहून घेतात आणि पत्रिका बंबात घालतात."

दुसरं कुणी असतं तर संतापलं असतं. बापूंनी काठीवर दोन्ही हात टेकले. मग म्हणाले, "ल्हानपनापासनं तसलाच हाय त्यो." आणि पुढं म्हणाले, "मी घरी आलो न्हाई, ह्ये खरं हाय. घरच्याला आवतण द्यायचं म्हंजे त्येला परका केल्यागत व्हतंय. म्हून नाव घातलं." त्यांच्या मागं एका टेबलावर भावकीच्या माणसांसाठी फेटे ठेवले होते. बाकीचे बांधून झाले होते. एक तसाच घडी घातलेला होता.

मी स्कूटर काढली आणि घरी आले. चिठ्ठी दारावरून काढली आणि उलटी केली. तांबड्या शाईत, ठळक: निमंत्रक, सुभेदार (निवृत्त) शंकर ज्ञानू. त्याच्या खालच्या ओळीत बापूंचं नाव होतं, पण तिथूनच कात्री गेली होती, त्यामुळं ते अर्धंच दिसत होतं. थोरल्यानं धाकट्याचं नाव आपल्या वर घालायचं, हे आमच्याकडं कुणी करत नाही. ते नाव चार आठवडे पत्र्याकडं तोंड करून लटकत होतं आणि मामा रोज सकाळी तो कागद मोजत होते. मला त्या क्षणी हसावं की रडावं ते कळेना. मी फोन लावला. पलीकडं बँड वाजत होता.

"मामा, बापूंनी तुमचं नाव घातलंय. निमंत्रकात."

"कितवं?"

"पहिलं. बापूंच्याही वर."

बँडचा आवाज लांब गेला. मग म्हणाले, "कुणी सांगितलं? का वाचलंस?"

"चिठ्ठी माझ्या हातात आहे. तुम्ही लिहिलंय त्याच्या मागंच आहे."

"मागं व्हय," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

मी कार्यालयात परतले आणि बापूंना फोनचं सांगितलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. नवरदेवाकडच्या मंडळींना लांब जायचं होतं, त्यामुळं चारला पाठवणी ठरली होती. चार वाजले आणि बापू कार्यालयाच्या दारात खुर्ची टाकून बसले. "जरा दम खावा. आमचं मानूस यायचं हाय." साडेचार झाले. मी फोन केला तर मामा म्हणाले, "कासेगाव गेलं." पाचला म्हणाले, "पेठ नाका." नवरदेवाचे मामा वैतागले. "आवं, कोन मंत्री यायचा हाय व्हय?" बापू खुर्चीतून न उठता म्हणाले, "सुभेदार यायचा हाय." नवरी गाडीत बसायच्या तयारीनं आईच्या गळ्यात पडून रडून झाली होती, तिला पुन्हा आत नेऊन पाणी दिलं.

पावणेसहाला रिक्षा थांबली. मामा उतरले. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजला होता. औंधला ते न जेवताच निघाले होते हे नंतर कळलं. दोघे भाऊ समोरासमोर उभे राहिले आणि मला वाटलं, आता यांना बोलता येणार नाही, वीस वर्षांत सवय मोडली असेल.

"उशीर झाला," मामा म्हणाले.

"व्हय. थांबलो हुतो," बापू म्हणाले.

मामा वाकले आणि थोरल्या भावाच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. ते लवकर उठेनात. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि मलाही रडू आवरलं नाही. बापूंनी तो राहिलेला फेटा आणवला आणि स्वतः बांधला. फेटा एका कानावर आला, आणि तसाच वाकडा फेटा घालून मामांनी नातीला गाडीत बसवलं.

त्यानंतर मामांना चौदा महिने मिळाले. बापू रोज सकाळी चहाला यायचे. दाराचा नियम काही बदलला नाही, सातचे आठ झाले नाहीत. पण पत्रिका आली की कात्री लावण्याआधी मामा ती बापूंना मोठ्यानं वाचून दाखवत. निमंत्रक, व्यवस्थापक, प्रेषक, शेवटच्या चिल्ल्यापिल्ल्यापर्यंत. एकेका पत्रिकेला अर्धा अर्धा तास लागे, कारण प्रत्येक नावापाशी थांबून तो कुणाचा कोण हे दोघे ठरवत. आत्या म्हणत, "आदी वाचत न्हवतं, आता आवरंना झालंय." मला शाळेला उशीर व्हायचा, तरी मी चहा घेऊन उभी राहून ऐकायची. माणूस एवढ्या उशिरा एखादी गोष्ट शिकतो हे मी त्यांच्याकडं पाहून मान्य केलं.

गेल्या वर्षी वैशाखात मामा गेले. सकाळी दूध ठेवून ओसरीवर येऊन बसले आणि तिथंच संपले. माझा नवरा तेव्हा सरहद्दीवर होता. निरोप गेला, पण तिकडून निघून पुण्यापर्यंत यायलाच दुसरा दिवस उजाडणार होता. संध्याकाळ व्हायला आली तशी भावकीतली जाणती माणसं जमली. ऊन फार आहे, पोराला यायला वेळ लागणार, पुतणे आहेत, आपण उरकून घेऊ, असं बोलणं सुरू झालं. ती वाईट माणसं नव्हती. रीतीचंच बोलत होती. मी आत आत्यांपाशी बसून ते ऐकत होते.

बापू उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी काठी आडवी टाकली. "त्येचा ल्योक आल्याबिगार कुनी हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "बरफ आणा सांगलीतनं. किती लागंल तेवडा आणा. मी एकदा चुकलोय. पुन्यांदा न्हाई."

बर्फाच्या लाद्या आल्या. बापू रात्रभर त्या उंबऱ्यावरून उठले नाहीत. सकाळी आत्यांनी दिलेला चहासुद्धा त्यांनी तिथंच घेतला. दुपारी गल्लीच्या तोंडाला गाडी थांबली आणि माझा नवरा वर्दीतच, पाठीवर बॅग घेऊन, धावत दारात आला. घरात इतकी माणसं पाहून तो तिथंच थबकला. आपण वेळेत आलो की नाही, हे विचारायचं धाडस त्याला होईना. बापू भिंतीला धरून उठले, उंबऱ्यावरून बाजूला झाले आणि त्याचा हात धरून म्हणाले, "ये बाबा. थांबलोय आमी."